हजारावरचे चाळीस

मी तोंड उघडलं की आमच्या वाडीतली माणसं मनातल्या मनात दहाने भागायला लागत. विहिरीत पन्नास बेडूक बसलेत असं मी सांगितलं तर ऐकणारा पाच धरून चालायचा. मालवणच्या बंदरात हत्तीएवढा मासा लागलाय म्हटलं तर आई खोबरं खवता खवता म्हणायची, "म्हंजे म्हशीएवढो आसतलो. म्हंजे मांजराएवढो आसतलो," आणि हात न थांबवता पुढे खवत राहायची. आता सत्तरी उलटली, दात अर्धे गेले, तरी जीभ शाबूत आहे. तेव्हा तुम्हीही तीच पद्धत ठेवा. जिथे मी बोलते तिथे खुशाल दहाने भागा. पण जिथे आकडा बोलतो तिथे हात लावू नका, कारण या सगळ्या प्रकरणात तेवढाच एक बोलणारा खरा होता. तो आकडा मला अजून पाठ आहे. नातवाचं नाव आठवताना आधी मुलाचं, मग जावयाचं नाव तोंडात येतं, पण हा अडखळत नाही: दहा लाख बावीस हजार एकशे सतरा.

आमचं घर खाडीच्या तोंडाशी, माडांत. घरापुढे पडवी, पडवीपुढे खळं, खळ्यापलीकडे माडच माड. मी त्यांची संख्या कधी पाचशे सांगायची, कधी हजार. होते एकशे बारा. आई शाळेत एक दिवस गेली नव्हती, पण घरातली सगळी मोजणी तिच्याकडे. बाबा मोजायला बसले की मधेच कुणीतरी हाक मारी, बाबा गप्पांना लागत आणि साठानंतर पुन्हा चाळीस येत. बाबांना वाडीत सगळे तात्या म्हणत. तात्यांची कीर्ती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. नारळी पौर्णिमेला खाडीवर नारळ लढवतात, म्हणजे एकाने नारळ मुठीत घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर ठोका घालायचा. ज्याचा फुटला तो हरला. बाबांचा लढाईचा नारळ होता, काळाकुट्ट, मुठीएवढा, त्याचं नाव म्हातारो. म्हातारो नऊ वर्षं फुटला नव्हता. वर्षभर तो तांदळाच्या कणगीत असायचा आणि आम्हा मुलांना त्याला हात लावायची बंदी होती. (आता बायकांच्याही नारळ लढवायच्या स्पर्धा होतात, मांडव घालून, लाउडस्पीकर लावून. त्या काळी बाईने लढाईचा नारळ हातात धरला असता तर खाडीचं पाणी आटलं असतं असं पुरुषांचं मत होतं.)

मी पंधरा-सोळा वर्षांची होते आणि मला बसता येत नव्हतं. कुठेच. जेवताना माझा गुडघा हलायचा, वर्गात बाक हलायचा, देवळात आरती चालू असताना मी दोन प्रदक्षिणा जास्त घालून यायची. आई म्हणे, हिच्या बुडाखाली मुंगळे आहेत. कट्टा गावच्या हायस्कुलात जायला मला एसटी होती, पण एसटीत बसावं लागतं म्हणून मी अर्ध्या वाटेत उतरून पळत जायची. आणि पळत पोचले की उशीर का झाला याची कथा सांगायची. एकदा पुलावर मगर आडवी होती. एकदा कंडक्टरला वाटेत मुलगा झाला. वाडीने मला नाव ठेवलं होतं इंदू गजालीण, कारण आमच्याकडे गप्पाटप्पांना, भाकडकथांना गजाली म्हणतात.

त्या वर्षी आत्याला मुंबईत जुळी झाली. आत्याचं पत्र आलं की गणपतीला येईन आणि परत जाताना इंदूला घेऊन जाईन, पोरं सांभाळायला कुणीतरी हवं, मुलगी मुंबई बघेल, रीतभात शिकेल. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि लगेच हो म्हणून टाकलं. शाळा त्याच दिवशी संपली असं मी धरून चालले, आणि मला कळलं की मला शाळा आवडत होती. ज्या बाकावर मला दहा मिनिटं बसवत नव्हतं त्या बाकासाठी मी माडाच्या बुंध्याला लाथा मारत रडले.

ही बातमी ऐकून आमचे गणिताचे मास्तर छत्री घेऊन घरी आले. त्यांना सगळी शाळा भागाकार मास्तर म्हणायची. कुणाला ताप आला, कुणाचं भांडण झालं, कुणी वर्गात झोपला, मास्तर त्याला एक लांबलचक भागाकार घालत. वर्गात ते पुस्तकी बोलत, पण राग आला की मालवणीवर येत. श्रावण नुकताच लागला होता. पडवीत बसून त्यांनी आईच्या हातचं तवशाचं, म्हणजे काकडीचं, घावन आणि चहा घेतला, आणि मी दाराआड एका पायावरून दुसऱ्या पायावर होत ऐकत राहिले.

"मास्तर, तुमी उगाच चिखलातसून इलास," बाबा म्हणाले. "ह्या चेडवाच्या तोंडातसून एक गजाल खरी येना नाय. नि ह्याचा बूड एका जाग्यार टेकना नाय. शिकान काय कलेक्टर होतला?"

"तात्या, दोन्ही रोगांवर एकच औषध आहे."

"म्हायत आसा. भागाकार."

"भागाकारच," मास्तर म्हणाले. त्यांनी चुलीतला विझलेला कोळसा मागितला आणि पडवीच्या चुन्याच्या भिंतीवर, बाबा टेकून बसत त्याच्या बरोबर वर, ठसठशीत लिहिलं: १०२२११७. मग मला हाक मारली. "हा एक नारळ समज. पंधरा फोडला की तीन आणि पाच असे तुकडे पडतात. सतरा कितीही आपट, फुटत नाही. हा फुटतो की नाही, एवढं तू सांगायचं. फुटला तर तुकडे दाखवायचे."

बाबा मान वळवून आकड्याकडे बघायला लागले. मास्तर धूर्त होते. लढाईतला नारळ म्हटल्यावर आमच्या बाबांचे डोळे कसे होतात ते त्यांनी खाडीवर पाहिलेलं होतं.

"एकट्यान करूचा," बाबा म्हणाले. "आणि पुनवेक खाडयेर, सगळ्यांच्या समोर सांगूचा. खरा ठरला तर मी आत्याक सांगान, चेडू शाळेत जाता. नाय तर गणपतीचे मोदक खावन आत्येवांगडा गुमान जावचा."

"उत्तर मी या कागदावर लिहून ठेवतो," मास्तर म्हणाले. त्यांनी एक चिठोरं घडी घालून बाबांना दिलं आणि बाबांनी ते पानाच्या चंचीत, सुपारीच्या कप्प्यात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा घोरत असताना मी ती चंची उघडली. यात लपवण्यासारखं काही नाही, माझ्या जागी तुम्ही असतात तर पहिल्याच दिवशी उघडली असतीत. घडी उलगडली. आत मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरांत एवढंच होतं: "इंदू, बघशील हे ठाऊक होतं. बस भागायला." मी चिठोरं परत ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला नीट ओळखतं या विचाराने मला गुदगुल्या झाल्या.

मग मी भागायला लागले. आकडा फोडायला प्रत्येक आकड्याने भागून बघायची गरज नाही, जे स्वतः फुटत नाहीत तेवढ्यांनीच भागायचं, हे मास्तरांनी वर्गात शिकवलं होतं. दोनाने भागून उपयोग नाही तर चाराने, सहाने कशाला? तेव्हा आधी न फुटणाऱ्यांची यादी. एकपासून हजारापर्यंत आकडे लिहून मी दोनाच्या पाढ्यातले खोडले, तिनाच्या, पाचाच्या, साताच्या पाढ्यातले खोडले, आणि खोडून खोडून उरले ते एकशे अडुसष्ट. पुढे कुठवर जायचं? मास्तर म्हणायचे, जिथे आकडा स्वतःलाच गुणून मोठ्या आकड्याच्या पलीकडे जातो तिथे थांब, त्यापुढे नवीन काही मिळणार नाही. मी हिशेब केला: हजार गुणिले हजार, दहा लाख. झालं, हजार. बावीस हजार एकशे सतरा उरत होते, पण दहा लाखांपुढे ते मला चिल्लर वाटले. जी मुलगी पाच बेडकांचे पन्नास करायची, तिने नेमकी इथे काटकसर केली. जन्मभर वर घालत आले आणि त्या एका ठिकाणी कापलं.

तो श्रावण मला अंगात आल्यासारखा आठवतो. घरात मासळी बंद, त्यामुळे सगळेच चिडलेले. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी, दुपारी काळ्या वाटाण्याचं सांबारं, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच, फार तर त्याबरोबर आंबोळ्या. आमची मांजर माणसांच्या व्रतात फुकट भरडली जात होती, ती खळ्यात बसून समुद्राकडे तोंड करून ओरडायची. पाऊस सरीसरीने यायचा, मधेच ऊन पडायचं, माडाच्या झावळ्या भिंतीवर फटाफटा आपटायच्या, कुठेतरी धप्पकन नारळ पडायचा आणि माझ्या हातातला भागाकार तिथेच तुटायचा, कारण मी नारळ बघायला धावायची. बसून भागणं मला जमेना. दोन दिवसांत सात आकडे झाले. साताने भागले, पाच उरले. अकराने आठ. तेराने पुन्हा पाच. सतराने नऊ. प्रत्येक बाकी मला वाकुल्या दाखवायची आणि मी उठून विहिरीपर्यंत जाऊन यायची.

शेवटी मीच युक्ती काढली. बसायचंच नाही. कोळशाचा तुकडा घ्यायचा आणि प्रत्येक माडाकडे उभ्याने एक आकडा. एका माडापाशी एकोणीस, पुढच्यापाशी तेवीस, त्याच्या पुढच्यापाशी एकोणतीस. माडाखाली पडलेल्या झावळीचा रुंद देठ म्हणजे पाटी. भागून झालं की पुढच्या माडाकडे पळत जायचं. पावसाने देठ धुतला तरी हरकत नव्हती, बाकी मला पाठ असायची. लोक खाडीवरून येता-जाता बघायचे: तात्याचं चेडू माडांशी बोलतंय. एकशे एकाने भागताना तर मी ओरडायच्या बेतात होते. भाग जवळजवळ पुरा गेला, फक्त तीन कमी पडले. तीन. आकड्यात तीन जास्त असते तर मी तिथेच मोकळी झाले असते. मी त्या माडाला मिठी मारून तीन उसने मागितले होते, हे दहाने भागलंत तरी चालेल.

एकशे बारा माड संपले, मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी एकोणपन्नासाव्या माडापाशी नऊशे सत्त्याण्णव आला, यादीतला शेवटचा. बाकी उरली एकशे ब्याण्णव. म्हणजे फुटत नव्हता. मी त्या देठावर नाचले असेन. एकशे अडुसष्ट भागाकार, एकही न गाळता, एकही न ढापता. इतकं खरं काम मी त्याआधी केलं नव्हतं, आणि शपथेवर सांगते, त्यानंतरही फार वेळा केलेलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. मी वाडीभर सांगत सुटले. "फुटना नाय." खाडीवर जाळी शिवत बसलेल्यांना सांगितलं, देवळाच्या गुरवाला सांगितलं, गिरणीतल्या रांगेला सांगितलं. तिसऱ्या घरापाशी त्यात विलायतेतला एक प्रोफेसर आला, त्याने सहा महिने हाच आकडा आपटला आणि शेवटी त्याला वेड लागलं. सातव्या घरापाशी प्रोफेसर वारला. गंमत म्हणजे या वेळी कुणी दहाने भागलं नाही. माडामाडांतून पळताना त्यांनी मला बघितलं होतं ना. एक म्हातारा कोळी म्हणाला, "तात्याचो म्हातारो एक, आणि चेडवाचो आकडो एक. दोनव फुटनत नाय." बाबांच्या कानावर हे गेलं आणि मी बघितलं, ते भिंतीवरच्या आकड्याला टेकून नव्हे, त्याच्या जरा बाजूला, मानाने बसले होते.

आणखी एक बातमी आली. मास्तर भावाच्या आजारपणासाठी खारेपाटणला गेले होते, नदीला पूर आला, एसटी बंद, पौर्णिमेला ते येत नाहीत. चंचीतल्या चिठोऱ्यात तर उत्तर नव्हतंच, म्हणजे खाडीवर माझं उत्तर तपासायला कुणी नसणार. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, उत्तर खरंच होतं.

दुपारी कट्ट्याच्या व्यापाऱ्याची गाडी आली. सणाला नारळ हवे होते. आई खळ्यात मोजायला बसली. आमच्याकडे मोजणी एकपासून सुरू होत नाही, पहिला नारळ टाकताना एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं म्हणत आई दोन्ही हातांनी नारळ सरकवायची, आणि शंभर झाले की एक नारळ वेगळा ठेवायची, शेकड्याची खूण म्हणून. असे दहा नारळ वेगळे झाले. मी ढिगाच्या मागे उभी, पाय हलवत, गाडीवाल्याला विलायती प्रोफेसरची कथा सांगावी की नाही या विचारात. गाडीवाला नवीन होता, आभाळ भरून आलं होतं.

"हजार झाले, वैनी. चला, भरतंय," तो म्हणाला.

"थांब," आई म्हणाली. "खंय झाले?"

"धा शेकडे. ह्ये बघा, धा खुणे."

"शेकड्याक चार वर. हजाराक चाळीस वर. वरचे चाळीस खंय हत?" शेकड्यामागे चार नारळ वर द्यायची आमची रीत. आईने पदराने हात पुसले. "हजारार थांबला ता मोजणा न्हय."

"ऱ्हवांदेत गो वैनी, पाऊस येता. माका नको ते चाळीस."

"तुका नको आसतले. माझी मोजणी अर्दी ऱ्हवता कामा नये," असं म्हणून ती पुढचा नारळ घ्यायला वाकली, आणि वाकता वाकता म्हणाली, कुणाकडेही न बघता, जरा मोठ्यानेच, "हजारार थांबला ता मोजणा न्हय."

माझे पाय थांबले. मला वाटतं जन्मात पहिल्यांदाच. बावीस हजार एकशे सतरा, ती चिल्लर, माझ्या डोळ्यांपुढे ढिगातून नारळ घरंगळावेत तशी घरंगळत आली. हजार गुणिले हजार दहा लाखच होतात. आकडा त्याच्या वर आहे. म्हणजे हजाराच्याही वर थोडं जायला हवं होतं. किती? हजार दहा गुणिले हजार दहा केलं तर दोन हजारच कमी पडतात, म्हणजे हजार अकराला आपला आकडा ओलांडला जाणार, तेवढंच. अवघे अकरा आकडे. सम सोडा, पाचाचा सोडा. हजार एक फुटतो, सात, अकरा, तेरा, हे मास्तरांचं लाडकं उदाहरण. हजार तीन सतराने फुटतो. हजार सात एकोणीसने. हजार अकरा तिनाने. उरला हजार नऊ. हजार नऊला मी जे जे लावलं त्याने तो फुटेना.

मी ओल्या मातीत बोटाने भागाकार मांडला. हजार बावीसमधून हजार नऊ गेले, तेरा उरले. खाली एक ओढला, एकशे एकतीस, भाग शून्य. खाली आणखी एक ओढला, तेराशे अकरा, त्यातून हजार नऊ गेले, तीनशे दोन. खाली सात ओढला. तीन हजार सत्तावीस. हजार नऊ त्रिक तीन हजार सत्तावीस. बाकी शून्य. मातीतलं ते शून्य माझ्याकडे टक लावून बघत होतं, आणि तेवढ्यात सर आली, आणि शून्य पाण्याने भरलं.

हजार नऊ आणि हजार तेरा. दोन तुकडे. फुटला होता.

त्यानंतरची अस्वस्थता कशी सांगू? मी खोटं अनेकदा बोलले होते, पण बोललेलं मागे कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा खरं समजून काही बोलले होते आणि नेमकं तेच चुकलं होतं. बरं, गप्प बसायला काय हरकत होती? मास्तर नदीपलीकडे. वाडीला "फुटना नाय" आवडलं होतं. उद्या खाडीवर तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, लोक वाहवा करणार, बाबा खूश, आत्या एकटी जाणार, शाळा माझी. उलट खरं सांगितलं तर? काल एक बोलली, आज दुसरं बोलते, एवढंच बाबांना दिसणार. "बघलास? गजालीण." आणि मग मोदक खाऊन मुंबई. पानात आवडीच्या खापरोळ्या होत्या, नारळाच्या रसात बुडवलेल्या, आणि मी एकच खाल्ली. आईने दुसरी वाढली आणि ती माझ्यासमोर तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी वाडी खाडीवर. नारळाला सोनेरी कागद लावून दर्याला अर्पण केला, ताशे वाजले, मग पुरुषांनी नारळ बाहेर काढले. बाबांनी कमरेच्या फडक्यातून म्हातारो काढला तशी गर्दी सरकली. पण त्यांनी आधी मला हाक मारली.

"इंदू, हयसर ये गो. सांग सगळ्यांक. फुटता काय नाय?"

शंभर माणसं तरी होती. बरं, दहाने नका भागू, साठ होती. माझा उजवा पाय वाळूत खड्डा खणत होता. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य, कालचं, तयार, गुळगुळीत, जिभेवर येऊन बसलं.

"फुटता," मी म्हणाले.

"काय?"

"फुटता, बाबा. मी काल सांगितलंय ता चुकीचा. मी हजारार थांबललंय. हजार नव आणि हजार तेरा. दोन तुकडे."

हशा उसळला. मागून कुणीतरी म्हणालं, "विलायतेचो प्रोफेसर जितो झालो काय रे?" आणखी हशा. जाळी शिवणारे म्हणाले, ह्याचा काय खरा धरूचा, काल एक, आज एक, परवा आणि तिसराच. एकाने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "तात्या, मास्तर नाय हत. कोण बघतला ह्या खरा काय खोटा? धाड तू मुंबयक."

बाबा हसत नव्हते. हातात म्हातारो फिरवत ते माझ्या पायाकडे बघत होते. पाय थांबला होता, माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मग त्यांनी मान वर केली.

"सगळी वाडी ह्याच्या बाजून होती. चंचयेतल्या चिठोऱ्यात उत्तर नाय, ता माका म्हायत आसा. आकडो फुटना नाय म्हणाला आसता तर कोणाक कळाचा नाय." मग त्या माणसाकडे वळून म्हणाले, "खोटा बोलणाऱ्यान आपलोच नारळ कधी फोडल्यान, असा बघलंस तू?"

त्या माणसाने खांद्यावरचा हात काढून घेतला.

"चेडू शाळेत जातला," बाबा म्हणाले. "आता या रे, कोण येता समोर?"

समोर आला तो कालचा म्हातारा कोळीच. त्याने आपला नारळ मुठीत धरला, बाबांनी ठोका घातला, काही नाही. मग बाबांनी म्हातारो धरला आणि त्याने ठोका घातला. एक. दोन. तिसऱ्याला असा आवाज झाला की ताशेवाला वाजवायचं थांबला. म्हातारो फुटला होता, मधोमध, आणि त्यातून बाबांच्या मनगटावरून भळभळा पाणी वाहिलं. नऊ वर्षांच्या नारळातून. गोड, ताजं पाणी. म्हाताऱ्या कोळ्याने बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, "तात्या, ह्यो म्हातारो काय गेल्या मे म्हयन्यातलो?"

काळा रंग त्याच्या बोटांना लागला होता. आमच्या चुलीची काजळी. दर वर्षी एक नवा टणक नारळ म्हातारो होत होता, आणि खाडी हसली ती नंतर आठ दिवस हसत होती. मला गजाली कुठून आल्या ते त्या दिवशी वाडीला कळलं. बाबांनी दोन्ही करवंट्या माझ्या हातात दिल्या आणि मान खाली घालून पुटपुटले, "घराक जावन बोलू नको." पण आई तिथेच उभी होती.

आत्या मोदक खाऊन एकटीच गेली. जुळी माझ्याशिवायच वाढली, त्यातला एक आता माझ्याहून जास्त थापा मारतो. मास्तर पूर ओसरल्यावर आले, भिंतीवर माझे दोन तुकडे बघितले, शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत. कोळसा मागून त्या आकड्याखाली त्यांनी एवढंच लिहिलं: "वर चार घालून बघ." मी हो म्हटलं आणि पळाले. मला दम कुठे होता? मॅट्रिक झाले, सावंतवाडीला कॉलेज झालं, आणि पुढे कुडाळच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले. लहानपणी आकडे फोडले, नोकरीत तीस वर्षं आकडे जोडले, आणि खुर्चीवर बसून जोडले, हे मात्र आईला शेवटपर्यंत पटलं नाही.

एका भर पावसातल्या पाळीला सगळ्या लाइनी बंद पडल्या होत्या, तेव्हा मास्तरांचं ते वाक्य आठवलं. कागद ओढला आणि चार मिळवले. दहा लाख बावीस हजार एकशे एकवीस. हजार अकरा गुणिले हजार अकरा, नेमका, एक इकडे नाही की तिकडे नाही. अख्खा चौकोन. घातलेले चार म्हणजे दोन गुणिले दोन, तेव्हा हजार अकराच्या दोन खाली आणि दोन वर, हजार नऊ आणि हजार तेरा, माझे दोन्ही तुकडे समोर. एकशे अडुसष्ट भागाकार, एकशे बारा माड, चौदा दिवस, आणि आमच्या घरच्या मोजणीतले वरचे चार घातले असते तर पाच मिनिटांचं काम होतं. परवा नातवाने हाच आकडा मोबाइलमध्ये घातला. डोळ्याचं पातं लवायच्या आत तुकडे आले. मी म्हटलं, ठीक आहे, पण त्याला पळावं नाही लागलं.

पुढच्या सुट्टीत मी घरी गेले. आई तेव्हा खूप थकली होती, तरी खळ्यात बसून नारळ मोजत होती. मी तिच्याजवळ बसले, पाय न हलवता, आणि विचारलं, "आये, खरा सांग. त्या दिवशी तू हजारार थांबला ता मोजणा न्हय म्हणालंस, ता गाडीवाल्याक काय माका?"

"माका काय म्हायत?" ती म्हणाली. "मी नारळ मोजी होतंय." तिने शेकड्याची खूण बाजूला ठेवली आणि वरचा पहिला नारळ उचलला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ह्ये चार वर कित्याक घालतत, ता तरी म्हायत आसा मा तुका?"

"कित्याक?"

"मोजणारो चुकता म्हणान," आई म्हणाली, आणि चौथा नारळ टाकला.